पडीक जमीन एकत्र कसू द्या : सहकारमंत्र्यांना खुले पत्र

मा. सहकारमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

महोदय,



आमचं मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात. राहणं लालबाग, नालासोपारा, डोंबिवली असं विखुरलेलं. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि त्यानंतरच्या काळात आमच्या वाडीतल्या कितीतरी मुंबईकरांच्या हातचं काम गेलं. कुणी हॉटेलात कॅप्टन होता, कुणी खासगी बसवर चालक, कुणी छापखान्यात, कुणी मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानात. भाडं थकलं, मुलांची फी थकली आणि गावच्या घरांची कुलपं उघडली. त्यातल्या काही कुटुंबांनी गावात कायम राहणाऱ्या, शेती न सोडलेल्या कुटुंबांबरोबर बसून ठरवलं की वाडीभोवतीची पडीक जमीन सगळ्यांनी मिळून कसायची. ज्याची त्याने नाही, एकत्र. आज ती शेती उभी आहे. भात होतो, भात कापल्यावर कुळीथ आणि वाल होतो, वरकसात काजूची कलमं लागली आहेत. कागदावर मात्र ही शेती कुणाचीच नाही. तिची सहकारी संस्था म्हणून नोंद व्हावी अशी आमची इच्छा आहे, आणि आजच्या व्यवस्थेत ते होणं फार अवघड आहे.

केवळ आमच्या अर्जासाठी मी आपल्याला जाहीर पत्र लिहिलं नसतं. कोकणात, पाटण-जावळीच्या डोंगरात, आजरा-चंदगडकडे, जिथून जिथून माणूस मुंबईला गेला तिथे तिथे हीच गोष्ट आहे. मंदी आली की माणूस गावाकडे वळतो, एक-दोन पावसाळे झगडतो आणि हरून पुन्हा शहराची वाट धरतो. हे पहिल्यांदा घडत नाही. पुन्हा पुन्हा घडतं आहे आणि त्याची कारणं ठाऊक असून सुटलेली नाहीत, म्हणून हे पत्र.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, आणि असंख्य कामगारांना गिरणीचा दरवाजा पुन्हा उघडला नाही. माझे वडील त्यांत होते. ते गावी आले, दोन पावसाळे त्यांनी शेती केली. त्यांच्या वाट्याची खाचरं पाच ठिकाणी होती, बैल दुसऱ्याचे मागावे लागत, आणि बँकेत गेले तर सातबाऱ्यावर त्यांचं स्वतःचं नाव नव्हतं, आजोबांचं होतं. तिसऱ्या वर्षी ते मुंबईला परतले आणि एका इमारतीत रात्रपाळीचे पहारेकरी म्हणून लागले. त्या काळात आमच्या पंचक्रोशीतली शेकडो माणसं अशीच आली आणि अशीच गेली. एकेकट्याने झुंजण्याऐवजी त्यांना एकत्र कसता आलं असतं, तर त्यातली निम्मी तरी टिकली असती असं मला मनापासून वाटतं.

एकत्र का, हे आधी सांगतो, कारण अधिकारी आम्हाला हेच विचारतात. तुमची तुमची जमीन तुम्ही कसा, संस्था कशाला हवी?

कोकणात आज एकट्याने भात लावणं म्हणजे रानडुकरांना जेवण वाढणं आहे. चारी बाजूंना पडीक जमीन, तिच्यात रान माजलेलं, रानात डुकरांचा मुक्काम. मध्ये एकट्या माणसाचं दहा गुंठ्यांचं खाचर. भात निसवलं की एका रात्रीत सगळं लोळवलेलं सापडतं. दिवसा वानरं आहेतच. ती फणस, पपई, भाजी, काही ठेवत नाहीत. आमच्या वाडीत शेती टिकवून राहिलेली कुटुंबं दरवर्षी एकेक खाचर सोडत मागे सरकत होती, ती याच कारणाने. सलग सगळी जमीन लागवडीखाली आली तेव्हा रान मागे हटलं, कुंपण एकच घालावं लागलं आणि राखणीला आळीपाळीने माणूस मिळू लागला. ऑक्टोबरच्या रात्री माळ्यावर दोन माणसं असतात, एक गावचा, एक मुंबईहून आलेला. बॅटरी मारायची, डबा वाजवायचा, पहाटेपर्यंत जागायचं. एका कुटुंबाला हे आठवडाभरही जमत नाही, सगळ्यांना मिळून दीड महिना जमतं. पॉवर टिलरचं तसंच. कुणा एकाला तो परवडत नाही, आणि अरुंद खाचरांच्या उतरंडीत ट्रॅक्टर चालत नाही. पूर्वी इर्जिक घालून गाव एकमेकांची नांगरणी उरकायचा. ती रीत माणसंच उरली नाहीत म्हणून मोडली.

आता जमिनीच्या कागदाकडे येतो. खरी अडचण तिथे आहे.

एका सर्व्हे नंबरचा उतारा समोर ठेवून लिहितो आहे. क्षेत्र अठ्ठावीस गुंठे. भोगवटादारांची नावं पहिल्या पानावर सुरू होतात आणि दुसऱ्या पानावर संपतात. पहिलं नाव माझ्या जन्माआधी वारलेल्या माणसाचं आहे. त्याखाली मुलगे, मग त्या मुलग्यांच्या विधवा, मग लग्न होऊन गेलेल्या मुली. त्यातली एक बडोद्याला, एक कुठे आहे हे भावकीत कुणालाच ठाऊक नाही. दोन नावांपुढे ‘अ.पा.क.’ असं लिहिलं आहे, म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता. ती अज्ञान मुलं आज आजोबा झाली आहेत. एका ठिकाणी वारस नोंदीचा फेरफार रद्द झाल्याचा शेरा आहे, का रद्द झाला ते कुणी सांगू शकत नाही. पीकपाहणीच्या रकान्यात वर्षामागून वर्षं एकच शब्द: गवतपड. ही जमीन विकता येत नाही, वाटता येत नाही, तारण ठेवता येत नाही. तहसीलदारांकडून वाटप करून घ्यायचं तर प्रत्येक सहहिस्सेदाराला नोटीस पोचली पाहिजे, आणि हक्काचा वाद निघाला की पुढचा रस्ता दिवाणी न्यायालयाचा. जमीन मात्र चांगली आहे. पाऊस साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, खाली बारमाही झरा आहे आणि बांध अजून शाबूत आहेत.

यातल्या हयात सहहिस्सेदारांना आम्ही भेटलो. बहुतेकांचं म्हणणं एकच होतं: कसा खुशाल, पण लिहून काही देणार नाही. त्यांची भीती साधी आहे. लिहून दिलं तर कूळ लागेल.

ही भीती निराधार नाही. दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस कुळ कायद्याने कूळ मानला जाऊ शकतो, आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कुळं जमिनीची मालक झाली हे कोकणातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. पण इथे मला एक गोष्ट स्पष्ट लिहायची आहे. कुळ कायदा ढिला करा, अशी मागणी आम्ही करत नाही आणि कधी करणार नाही. ज्या जिल्ह्यांत खोतांनी पिढ्यानपिढ्या कसणाऱ्याला नागवलं, जिथे चरी गावच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं जमिनी ओसाड ठेवून संप केला, जिथल्या कुळांसाठी बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, तिथल्या माणसाने त्या कायद्याविरुद्ध बोलू नये. ज्यांच्या नावे इतर हक्कांत कूळ लागलेलं आहे, त्यांचा हक्क अबाधितच राहिला पाहिजे. मालक आणि सहकारी संस्था यांच्यामध्ये ठरावीक मुदतीचा, नोंदवलेला कसण्याचा करार व्हावा आणि त्या करारामुळे मालकाची मालकी जाणार नाही याची कायद्याने हमी मिळावी, एवढंच आम्ही मागतो. केंद्राच्या नीती आयोगाने २०१६ मध्ये शेतजमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा राज्यांपुढे ठेवला आहे. सगळ्यांसाठी तो लागू करायला राजकीय अडचणी असतील, तर निदान नोंदणीकृत सहकारी शेती संस्थांपुरता तरी मार्ग काढावा.

मुदत मात्र पुरेशी हवी. काजूचं कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळायला लागतं, हापूसला त्याहून वेळ लागतो. अकरा महिन्यांच्या करारावर कुणी झाड लावत नाही. पंधरा वर्षांपेक्षा कमी मुदतीला अर्थ नाही. आणि जे सहहिस्सेदार सापडत नाहीत किंवा उत्तर देत नाहीत, त्यांच्या वाट्याचा खंड संस्थेने वेगळ्या खात्यात जमा ठेवावा, ते किंवा त्यांचे वारस आले की हिशेबासह द्यावा. एका हरवलेल्या सहीसाठी अठ्ठावीस गुंठे गवतपड राहू नयेत.

महोदय, आपल्या खात्यातल्या जुन्या माणसांना सहकारी शेती म्हटलं की शंका येते, हे मी जाणतो. ती शंका रास्त आहे. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात संयुक्त सहकारी शेतीचा ठराव झाला. चौधरी चरणसिंगांनी त्याला उघड विरोध केला, आणि त्याच वर्षी राजाजी, रंगा, मसानी यांनी स्वतंत्र पक्ष काढला त्यामागेही हा ठराव होता. पुढे तिसऱ्या पंचवार्षिक योजनेत पथदर्शी प्रकल्प निघाले. नागपूर ठरावाच्या सुमारासच डॅनियल थॉर्नर या अर्थशास्त्रज्ञाने देशभर फिरून अशा संस्था प्रत्यक्ष पाहिल्या, आणि नावापुरत्या संस्था किती आहेत हे त्याने लिहून ठेवलं. मोठ्या जमीनदाराने आपली माणसं सभासद दाखवायची, जमीन कमाल मर्यादेच्या कायद्यातून वाचवायची, सरकारी अनुदान घ्यायचं आणि कसायला मजूरच लावायचे. सहकारी शेतीचं नाव त्यात खराब झालं. प्रवरानगरच्या पहिल्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत विठ्ठलराव विख्यांच्या बरोबरीने राबलेले धनंजयराव गाडगीळ यांच्यासारखा माणूस सहकारी शेतीचाही विचार गंभीरपणे करत होता, पण त्या विचाराला प्रत्यक्षात हवी तशी माणसं मिळाली नाहीत. महाराष्ट्राने ऊस सहकारात गाळला, दूध सहकारात गोळा केलं, पतसंस्था काढल्या, मुंबई-पुण्यात घरं सहकारात बांधली. नांगर मात्र प्रत्येकाचा वेगळाच राहिला.

शहरी माणसांच्या सहकारी शेतीचा अनुभव देशाबाहेर पाहायचा तर अमेरिकेतलं एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. महामंदीच्या ऐन तडाख्यात, १९३३ च्या उन्हाळ्यात, न्यूयॉर्क आणि डेट्रॉइटसारख्या शहरांतली ज्यू कामगार कुटुंबं मिशिगन राज्यात सॅगिनॉजवळ एकत्र आली. एका यिद्दिश पत्राचे माजी संपादक जोसेफ कोहेन हे त्यांचे पुढारी होते. प्रत्येक कुटुंबाने ५०० डॉलर भरायचे ठरलं आणि साखर कंपनीच्या मालकीची राहिलेली सुमारे दहा हजार एकर जमीन त्यांनी घेतली. वसाहतीचं नाव ठेवलं ‘सनराइज’. एकत्र जेवण, एकत्र शाळा, एकत्र शेती. शिवणयंत्रावर आयुष्य काढलेली माणसं धान्य आणि पेपरमिंटच्या शेतात उतरली. १९३६ च्या अखेरीस ती जमीन संघराज्य सरकारला विकली गेली आणि वसाहत मोडली.

लोक याचा अर्थ असा काढतात की शहरातल्या माणसाला शेती जमत नाही. मी तो अर्थ काढत नाही. कष्टाला ती माणसं कमी पडली असं मला वाटत नाही. दहा हजार एकर जमीन शेतीचा अनुभव नसलेल्या माणसांनी एकदम अंगावर घेतली, भांडवल तुटपुंजं होतं, आणि विचारांचे एकमेकांशी न पटणारे गट रोज एकाच जेवणघरात बसत होते. त्याहून मोठी उणीव मला दिसते ती अशी, की तिथली माती, तिथला पाऊस, तिथली कीड पिढ्यानपिढ्या ओळखणारी शेतकरी कुटुंबं त्यांच्यात सभासद म्हणून नव्हती. शहरातून आलेल्यांनी शहरातून आलेल्यांसाठी काढलेली ती शेती होती. त्याच दशकात न्यू जर्सीत अमेरिकन सरकारने शिवणकामगारांसाठी जर्सी होमस्टेड्स नावाची वसाहत वसवली, तिथेही सहकारी शेती आणि सहकारी कारखाना जोडीने काढला. तो सहकारही काही वर्षांतच आटोपला. घरं राहिली, गाव राहिलं, त्याचं नाव आज रूझवेल्ट आहे.

म्हणून आमच्या गटात पहिल्या दिवसापासून एक अट आहे. निम्मे सभासद गावात राहून कसणारे असले पाहिजेत आणि व्यवस्थापनातही निम्मी माणसं तीच असली पाहिजेत. ही अट आपण कायद्यातच घालावी अशी माझी विनंती आहे. त्याशिवाय शहरी पैसेवाल्यांचा गट येईल, गावच्या माणसाला मजुरीवर ठेवेल आणि त्याला सहकार म्हणेल.

लावणीच्या दिवसांत हे मी डोळ्यांनी पाहतो. चिखलणी झालेल्या खाचरात मुंबईची मुलं उतरतात. त्यांच्यात ताकद आहे, पण पहिल्या तासात कंबर धरून उभी राहतात, कारण ती पाठीतून वाकतात. आमच्या वाडीतल्या एक काकी, साठी उलटलेल्या, तरव्याची जुडी डाव्या हातात धरून उजव्या हाताच्या तीन बोटांनी रोपं लावत मागे सरकत जातात, गुडघे किंचित वाकवून, सगळा भार मांड्यांवर घेऊन. रोप किती खोल गेलं पाहिजे हे त्या सांगत नाहीत; चुकीचं लागलेलं रोप उपटून पुन्हा लावतात आणि पुढे जातात. बँकेत नोकरी केलेला एक सभासद त्यांच्याकडून लावणी शिकला. संध्याकाळी तोच हजेरी वही भरतो, आणि काकी दुसऱ्या दिवशी ती वाचून घेतात. मागच्या पावसात त्यांच्या सुनेची अर्ध्या दिवसाची हजेरी राहिली होती ती त्यांनीच दाखवून दिली. आमच्याकडे बाई आणि पुरुष यांना एकाच कामाचा एकच दर आहे. गावात हे सहज झालं नाही, त्यावर भांडणं झाली, पण वहीत तो दर लिहिला गेला आणि तसा दिला जातो.

आमच्या गटात भूमिहीन कुटुंबंही आहेत. त्यांचं नाव कोणत्याच सातबाऱ्यावर कधी नव्हतं, त्यांचे आजोबा दुसऱ्यांच्या खाचरांत राबले. मुंबईत सफाईची, हमालीची कामं गेली तेव्हा त्यांना परतायला घर होतं, जमीन नव्हती. एकेकट्या शेतीत त्यांना मजुरीखेरीज जागा नाही. सहकारी संस्थेत आहे, कारण तिथे एका सभासदाला एक मत, जमीन कितीही असो. उत्पन्नाची वाटणी आम्ही अशी करतो: खर्च वजा जाता एक वाटा जमिनीला, दोन वाटे कामाला, एक वाटा राखीव. नफ्याचा चौथा हिस्सा राखीव निधीत टाकायला सहकार कायदा सांगतोच. कामाचा वाटा मोठा ठेवला नाही, तर अशा संस्थेत भूमिहीनाने का यावं याचं उत्तर आपल्याकडे राहणार नाही.

आणि शहरातल्या माणसाकडे काय आहे? शेतीचं ज्ञान नाही हे मान्य. पण कोकणातल्या जवळपास प्रत्येक गावाचं मुंबईत मंडळ आहे. चाळीतल्या एखाद्या खोलीत महिन्याला बैठक, वर्गणीची पावती, जमाखर्चाचं वाचन, यातून गावच्या शाळेची खोली बांधली गेली, देवळाचा जीर्णोद्धार झाला, पाखाडी झाली. त्याच माणसांनी पुढे गृहनिर्माण संस्था चालवल्या. वार्षिक सभा, लेखापरीक्षण, थकबाकी, दुरुस्ती निधी हे शब्द त्यांना शिकवावे लागत नाहीत. पैशाचा हिशेब चारचौघांत मांडायची सवय ही सहकारी शेतीची फार मोठी गरज आहे, आणि ती या माणसांकडे तयार आहे. नोकरी टिकून असलेले आमचे सभासद दर महिन्याला ठरलेली रक्कम भरतात. काजू फळेपर्यंतचे दिवस त्या पैशावर निघाले, बँकेच्या पैशावर नाही.

कारण बँक आम्हाला पीककर्ज देत नाही. पीककर्जाला सातबारा आणि आठ-अ लागतो, तो संस्थेच्या नावे नाही आणि होऊ शकत नाही. कसण्याचा नोंदवलेला करार असला तर जिल्हा मध्यवर्ती बँकेने तो कर्जासाठी ग्राह्य धरावा, नुकसानभरपाई आणि पीकविम्यातही संस्थेला कसणारी म्हणून मान्यता मिळावी. वादळात झाडं पडली आणि भरपाई आली ती उताऱ्यावरच्या नावांना, ज्यांनी ती झाडं लावली नव्हती. त्या माणसांविषयी माझी तक्रार नाही. त्यातल्या काहींनी ती रक्कम आपण होऊन गटाकडे दिली. पण व्यवस्था माणसांच्या चांगुलपणावर चालू नये.

आता बोगस संस्थांचा बंदोबस्त. तो कडक असावा, आम्हालाही लागू असावा. संस्थेच्या ताब्यातली जमीन कधीही बिगरशेती करता येऊ नये, तिच्यावर घरांचे प्लॉट पडू नयेत. शेतावरची घरं विकणारे दलाल सहकाराचं नाव वापरायला टपलेलेच आहेत, आज आमच्या तालुक्यात रस्त्यालगतच्या फलकांवर ‘निसर्गरम्य शेतजमीन’ गुंठ्यांत विकली जाते आहे. तपासणीचं साधनही सरकारच्या हातात आहे. २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू आहे. कोणत्या गट नंबरात कोणतं पीक आहे ते छायाचित्रासह नोंदवलं जातं. संस्थेने लागवडीखाली दाखवलेली जमीन त्या नोंदीशी ताडून पाहा. जी संस्था लागोपाठ दोन हंगाम जमीन पडीक ठेवेल तिची नोंदणी रद्द करा. जो सभासद वर्षभरात ठरलेले दिवस काम करणार नाही, त्याला त्या वर्षी मताचा हक्क नसावा, मग तो कितीही मोठा वर्गणीदार असो. लेखापरीक्षण दरवर्षी गावातच, सभासदांसमोर व्हावं, तालुक्याच्या कार्यालयात बसून नाही.

अनुदान मी मागितलेलं नाही, हे आपल्या लक्षात आलं असेल. ते मुद्दाम. १९६० च्या दशकात अनुदानासाठीच संस्था निघाल्या आणि अनुदान संपल्यावर बुडाल्या. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आहे, वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र आहे, तिथली काजूची कलमं आणि भाताची बियाणी आम्हाला मिळतात, सल्लाही मिळतो. आम्हाला हवी आहे ती कायद्याने उभं राहायला जागा.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० मध्ये शेती संस्थेची व्याख्या आहे. सभासदांच्या मालकीच्या किंवा त्यांनी भाडेपट्ट्याने घेतलेल्या जमिनी एकत्र आणून सर्वांनी मिळून कसणारी संस्था, असा तिचा आशय आहे. व्याख्या तिथे आहे, तिच्याखाली आमच्यासारख्यांना येता यावं यासाठी महसूल खातं आणि सहकार खातं यांनी एकत्र बसून एक कार्यपद्धती काढायला हवी. आज आम्ही एका खात्यात गेलो की दुसऱ्याचा कागद आणा म्हणतात, आणि दुसरं खातं पहिल्याचं नोंदणी प्रमाणपत्र मागतं. हे दोन दरवाजे एकाच वेळी उघडण्याचं काम मंत्र्यांच्या पातळीवरच होऊ शकतं.

नोकऱ्यांवरची टांगती तलवार अजून गेलेली नाही. ज्या कंत्राटी कामांवर आमची मुलं आहेत, ती कधीही संपतात. पुन्हा मंदी आली तर पुन्हा गावाकडे गाड्या भरून येतील, आणि त्या वेळी गावात त्यांना सामावून घेणारी कसती, हिशेबी, नोंदणीकृत शेती असेल की पुन्हा गवतपडच, हे आज ठरायचं आहे.

माझी विनंती एवढीच, की आपण राज्यभरासाठी घाई करू नका. कोकणातला एक तालुका आणि घाटावरचा एक तालुका निवडा. वर लिहिलेल्या अटींवर तिथे पाच-दहा संस्थांना परवानगी द्या, पाच वर्षं काटेकोर तपासा. आमचा तालुका त्यात नसला तरी आम्ही तक्रार करणार नाही. निवडायच्या आधी आपल्या अधिकाऱ्यांना आमची शेती आणि आमच्या वह्या पाहायला अवश्य पाठवा. हजेरी वही, पावतीपुस्तकं, जमाखर्च, सहहिस्सेदारांशी झालेला पत्रव्यवहार, सगळं सभासदांसमोर दाखवू. फक्त एक करा: ते रोहिणी नक्षत्र निघण्याआधी पाठवा, कारण मृग लागला की वाडीतलं एकही माणूस घरात सापडणार नाही.

आपला विश्वासू,
वाडीच्या शेती गटातर्फे एक सभासद